मागच्या चाकावरचा पोचा

४ नोव्हेंबर, मंगळवार

चाक आत गेलंय — एवढंच बोललो मी. सुकेशनीनं कॉम्प्युटरवर मोटार बनवलीय, ती दाखवत होती. अर्धवटच आहे. रंग नाही, काचा नाहीत, नुसता राखाडी पत्रा. पण फिरवली की चारी बाजूंनी दिसते, खालूनसुद्धा! सून दाखवतेय तर बरं म्हणावं आणि उठावं, असं ठरवलं होतं. पण चाळीस वर्षं गाड्यांचे पोचे काढले, राहवलं नाही. चाक वरच्या पत्र्याच्या कमानीच्या दोन बोटं आत होतं. अशी गाडी लंगडी दिसते.

तिनं जागच्या जागी चाक बाहेर ओढलं. म्हणाली, "मामा, रोज बघत जा."

५ नोव्हेंबर, बुधवार

ती गाडी तिनं नेटवर लोकांपुढं ठेवलीय. पुरी व्हायच्या आत का दाखवायची? म्हणे, तिथं रिवाजच तसा आहे, लोक चुका सांगतात. आमच्या गॅरेजात अर्धी गाडी गिऱ्हाइकाला दाखवली असती तर भांडण!

पोलंडच्या कुणीतरी लिहिलं, चाकं आता छान बसली. हिनं उत्तर दिलं — सासऱ्यांनी सांगितलं. मी सातवी नापास माणूस. दिवसभर छाती धडधडतेय. बीपीची गोळी घेतली की नाही आठवेना. दोनदा घेतली असली तर?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तिला पत्रा बघायची आमची रीत सांगितली. उभ्यानं पोचा दिसत नाही. ट्यूबलाइटखाली गाडी घ्यायची, उकिडवं बसायचं, पत्र्यावर उजेडाची रेघ पडते ती बघायची. रेघ सरळ गेली तर काम पुरं. वाकली तर पुन्हा हातोडी.

ती हसायला लागली. एक कळ दाबली तर गाडीवर काळे-पांढरे पट्टे! म्हणे, पट्टा वाकला की तिथं पोचा, हीच रीत आहे मामा, आम्हाला पैसे भरून शिकवली.

९ नोव्हेंबर, रविवार

जेवताना अजिनाथनं सांगितलं. पोरानं इतके दिवस लपवून ठेवलं! ही गाडी पुण्याच्या एका कंपनीच्या परीक्षेची आहे. निवड झाली की सुकेशनीला नोकरी. तो वाळूजच्या कारखान्यातून पुण्याजवळ चाकणला बदली मागणार. इथलं घर भाड्यानं द्यायचं.

मी कुठं, ते कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. भात गार झाला.

अजिनाथची आई, आवडाबाई गेल्यापासून दिवसभर घरात आम्ही दोघंच असतो, सून आणि मी. ती काम करता करता बोलते, मी ऐकतो. ते गेलं तर काय करायचं? हर्सूलच्या तलावावर जाऊन बसायचं, आणि मग?

१० नोव्हेंबर, सोमवार

पोचा दिसला. मागच्या चाकाच्या कमानीवर, दरवाजा संपतो तिथं. ती गाडी फिरवत होती, खालच्या बाजूनं एक क्षण पट्टा वाकला आणि पुन्हा सरळ झाला. तिला नाही दिसलं. मला दिसलं.

तिनं विचारलं, "कशी वाटतेय, मामा?"

"झकास," म्हणालो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज विचारलं तर सांगायचं ठरवलं होतं. तिनं विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नेटवरच्या लोकांनी दिव्यांबद्दल लिहिलं, आरशांबद्दल लिहिलं. एवढे शिकलेले लोक, कमानीवर एकाचीही नजर गेली नाही! म्हणजे तो फार मोठा नसेल. कंपनीलाही दिसणार नाही. मग मी सांगितलं काय न् नाही काय.

पण तो आहे. जेवण गेलं नाही. सुकेशनीनं लिंबू-साखरेचं पाणी करून दिलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

क्रांती चौकात गयासकडं गेलो. तीस वर्षं एका गॅरेजात काढली, त्याला नाही सांगायचं तर कुणाला? तो हसेल वाटलं होतं. हसला नाही. हातातलं फडकं खाली ठेवलं.

"कडुबा, अपन ने कभी पुट्टी भर के पोचा छुपाया? गिऱ्हाइकाला नाय फसवलं कधी. आणि सुनेला?"

चहा तसाच टाकून निघालो. रिक्षा मिळेना. मिळाली तर सिग्नल सुटेना. घरी आलो तो ती दारातच. पेढा पुढं केला. म्हणाली, पाठवली मामा, आत्ताच, दहा मिनिटं झाली.

पेढा खाल्ला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाठवलेली परत मागवता येते का, असं सहज म्हणून विचारलं. नाही येत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याचं उत्तर आलं. निवड नाही. काम चांगलं आहे, पण मागच्या कमानीवर पृष्ठभाग मोडलाय, आणि आम्ही तेच आधी बघतो — असं लिहिलंय. तिनं मला मराठीत वाचून दाखवलं, आवाज न बदलता. मग गाडी उघडली, खालून फिरवली, आणि तिथंच थांबवली. पोचा समोर होता.

"मामा, तुम्हाला नव्हतं दिसलं?"

तोंडातून निघून गेलं — डोळे गेले गं माझे. मोतीबिंदू असेल.

तिचे डोळे भरले. नोकरीसाठी नाही! म्हणाली, "माझ्यापायी झालं. तासन् तास तुम्हाला स्क्रीनपुढं बसवलं मी." आणि तिथंच फोन लावून परवाची डॉक्टरची वेळ घेतली.

नको म्हणालो. ऐकलं नाही तिनं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टर म्हणाले, बाबांची नजर उत्तम आहे. सुकेशनीनं पुन्हा विचारलं, बारीक रेघ वाकलेली दिसेल का यांना? दिसेल की, म्हणाले.

हर्सूलला घर येईस्तोवर ती रिक्षातून बाहेर बघत होती. उतरताना तिनं मला धरायला हात पुढं केला. माझ्यानं तो धरवला नाही.