सातव्या उसाशापाशी मी उतरलो नाही

अण्णा, तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. आज सकाळपासून हा कागद मी तिसऱ्यांदा पुढ्यात घेतोय. एकदा उठून सायकलची हवा बघून आलो, एकदा काही काम नसताना वेशीपर्यंत जाऊन आलो. सूनबाई म्हणाली, "मामंजी, जरा एका जागी बसा की. तुमच्याकडं बघून माझंच डोकं गरगरायलंय." मला बसवत नाही, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. जेवायच्या पाटावरही मी अर्धा उठलेलाच असायचो आणि तुम्ही म्हणायचात, "गिळ तरी नीट, कुणी हाकलायलंय का तुला?" पण आज हे लिहून होईपर्यंत बसायचं ठरवलंय. ही गोष्ट तुमच्याशी तोंडानं बोलायची सोय तुम्हीच ठेवली नव्हती.

बीडच्या त्या जुन्या नहरीवर तुमची नोकरी, तुमच्या आधी आजोबांची. विहिरीतून निघालेलं पाणी दीड कोस जमिनीच्या पोटातून येतं, मग उघड्यावर पडतं आणि बागांत शिरतं. त्या दीड कोसात अकरा उसासे. खाली हवा जावी आणि वेळ पडली तर माणूस उतरावा, म्हणून ठेवलेली दगडी तोंडाची ती अरुंद भोकं. रोज सकाळी तुमची गस्त असायची. प्रत्येक उसाशापाशी वहाणा काढायच्या, दगडावर पालथं पडायचं, कान आत धरायचा आणि श्वास रोखून ऐकायचं. माझं लग्न झालं त्या वर्षी तुम्ही मला बरोबर न्यायला लागलात. "पानी बोलतंय तवर काळजी न्हाई," तुम्ही शिकवलंत. "गिळाय लागलं की समज, आत कायतरी अडलंय." तुम्हाला अकराही आवाज वेगवेगळे ओळखू यायचे. मला ते ओळखू येईपर्यंत दोन हिवाळे गेले, आणि त्या दोन हिवाळ्यांत पालथं पडल्या पडल्या माझे पाय मात्र हलत असायचे. तुम्ही माझ्या पोटरीवर चापट मारायचात आणि म्हणायचात, "पाय थांबल्याबिगर कान चालत न्हाईत लेका."

मग ती सायकल आली. गस्त लवकर उरकावी म्हणून सरकारातून दिलेली, काळी, विलायती, समोर पितळेची घंटी. तुम्ही एकदाच तिच्यावर बसलात आणि बागवानाच्या कुंपणात गेलात. काटे काढताना आईला हसू आवरेना, तेव्हा तुम्ही सायकल माझ्याकडे ढकललीत. "हे भूत तूच सांभाळ. आजपासून गस्त तुझी." किती सहज म्हणालात! तुमच्या गुडघ्यांनी तेव्हाच दगा दिला होता, हे मला पुढं कळलं. मला त्या वेळी फक्त हँडल दिसत होतं.

पहिला महिना मी प्रत्येक उसाशापाशी उतरत होतो, हे शपथेवर सांगतो. पण नहरीच्या कडेची ती पायवाट अख्खी उताराची. एकदा चाकं सुटली की ब्रेक दाबायचं जिवावर येतं. मग मी एक सोडून एक उतरायला लागलो. पुढं न उतरताच, नुसता वेग कमी करून कान द्यायला लागलो. सायकलवरून काय ऐकू येणार? साखळीची करकर आणि कानात भरलेला वारा. तरी घरी येऊन मी सांगायचो, "सगळे बोलतायत." तुम्ही मान हलवायचात आणि चुलीपुढं हात शेकत बसायचात.

मग तो सोमवार. हुरड्याचे दिवस आहेत. पहाटेचा गारठा अजून जमिनीवर आहे, ज्वारीची कणसं वाटेवर वाकलीत आणि मी निघालोय. पहिला उसासा गेला, दुसरा गेला. सातव्याजवळ क्षणभर वाटलं, उतरावं. आवाजात काहीतरी जड होतं, असं आज वाटतं. तेव्हा वाटलं होतं की नाही, देव जाणे. मी पायडल मारलं. अकरावा संपला, नहर उघड्यावर आली, तिच्या कडेनं बागा, बागांच्या पलीकडे शहर, आणि मी घराकडे वळायचं सोडून सरळ गेवराईच्या रस्त्याला लागलो. मोरमाचा रस्ता, दोन्हीकडे करडई. घंटी वाजवली की बैल बुजायचे आणि गाडीवान माझा उद्धार करायचे. सिंदफणेच्या पात्रात मी सायकल खांद्यावर घेतली, पलीकडे उतरवली, पुन्हा टांग मारली. एका शेतात हुरडा भाजत होते, त्यांनी हाक मारून बसवलं. म्हातारा म्हणाला, "कुठं निघालाव?"

"कुठंच न्हाई."

"कुठंच न्हाई तर एवढी घाई कावून?"

सगळे हसले, मीही हसलो. ओंजळभर हुरडा खाल्ला आणि तेवढाही वेळ धड बसलो नाही. दुपार कलल्यावर परत फिरलो. घरी आलो तर तुम्ही विचारलंत, "सातवा कसा हाय?" बाकीच्यांचं नाही, सातव्याचंच विचारलंत. मी घोटभर पाणी पिऊन म्हणालो, "बोलतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बागांत पाणी आलं नाही. सातव्याखाली कमानीचे दगड ढासळले होते आणि आत तुंबलेलं पाणी वरच्या शेतात फुटून वाहत होतं. दगड आदल्या दिवशीच सरकले असणार. त्या दिवशी कुणी कान लावला असता तर वीसेक माणसांनी आत उतरून टेकू दिला असता. नहरीचे मोठे साहेब घोड्यावरून यायच्या आधी आपण दोघं तिथं पोचलो. तुम्ही उसाशाकडे बघितलंच नाही, अण्णा. तुम्ही वाटेवरच्या धुळीकडे बघत राहिलात. धुळीत चाकाची एक रेघ होती, सरळ, कुठंही न थांबलेली, आणि दगडाजवळ एकही पाऊल नव्हतं. तुम्ही वहाणा काढल्यात आणि पायानं ती रेघ पुसत गेलात, पार वळणापर्यंत. मी सायकल धरून उभा होतो.

साहेबांनी विचारलं, "कल गश्त पे कौन था?" माझं तोंड उघडायच्या आत तुम्ही पुढं झालात. म्हणालात, "मीच व्हतो, हुजूर. कान गेलेत माझे. साल झालं, सांगायची लाज वाटली." साहेबांनी तुमच्याकडे बघितलं, हळूच काहीतरी विचारलं, आणि तुम्ही त्यांच्या ओठांकडे बघत कानामागं हात धरलात. कुठून शिकलात ते? त्याच दिवशी तुमची नोकरी गेली. म्हाताऱ्याचा मुलगा हाताखाली तयार झालाय म्हणून ती मला मिळाली.

परत येताना रस्त्यावर आपल्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. मी सायकल ढकलत होतो. म्हणालो, "अण्णा, असं कावून सांगितलं? मीच तर..." तुम्ही थांबलात, कानामागं हात धरलात. "आं? मोठ्यानं बोल लेका. ऐकू येत न्हाई."

मी मोठ्यानं बोललो नाही. त्या ओसाड रस्त्यावर ओरडून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी गप्प चालू लागलो, आणि त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही बहिरे राहिलात. माझ्यापुढंही. नहर दुरुस्त व्हायला सव्वा महिना लागला आणि तेवढ्यात नहरीच्या पार टोकाच्या पाण्यावरचा पानमळा उभा वाळला. तो म्हातारा मळेवाला चावडीपुढं तुमच्या कानाला तोंड लावून ओरडला, "कान गेले तर सांगायचं व्हतं! माझ्या येलांनी काय घोडं मारलं व्हतं तुमचं?" तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत. मी चार पावलांवर होतो. गावातली टवाळ पोरं मागून मुद्दाम काहीबाही बोलायची, तुम्ही वळून बघायचा नाहीत. एवढा जमदग्नी माणूस! आई तेवढी चुलीपुढून पुटपुटायची, "बहिऱ्याचं बरं हाय, भाकर करपली म्हणून बोलनं खाया नको." तुमच्या मिशीत हसू यायचं आणि तुम्ही ताट पुढं ओढायचात.

एक दिवस मात्र तुम्हाला राहवलं नाही. मला नोकरी लागून सहा वर्षं झाली होती. तुम्ही चौथ्या उसाशाजवळच्या लिंबाखाली बसायला जायचात, म्हाताऱ्यांना काय, सावली लागते, असं लोक म्हणायचे. त्या दिवशी काठी टेकत, धापा टाकत घरी आलात. "चवथ्याकडं जाय. आत्ता जाय." मी विचारलं, कशावरून? तुम्ही अडखळलात. मग म्हणालात, "तळपायाला... तळपायाला येगळं लागलं." मी गेलो, सायकल लांब टाकून पालथा पडलो, आणि पाणी गिळत होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही आतला गाळ आणि मुळ्या काढल्या. लोक म्हणाले, अण्णांचे पाय ऐकतात. तुमचं केवढं कौतुक झालं, आणि मी घरात तुमच्याकडे बघू शकत नव्हतो. चुळबुळ्या मी आधीपासूनच, पण त्या दिवसापासून आजतागायत मी कुठंही नीट बसलेलो नाही.

तुम्ही गेलात त्या दुपारी मी तुमच्या उशाशी होतो. आई पाणी आणायला आत गेली तेव्हा मी अगदी हळू म्हणालो, "अण्णा, मी उतरलो नव्हतो." तुमचे डोळे मिटलेले होते. हात चादरीवरून थोडा उचलला गेला, कानाकडे जाणार तेवढ्यात आई आली.

हे कुठं पाठवायचं नाही, तेव्हा उरलेलंही लिहून टाकतो. साहेबांपुढं तुम्ही म्हणालात ना, कान गेलेत माझे, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही ते बघितलंत आणि माझा खांदा दाबलात. ते पाणी तुमच्यासाठी नव्हतं, अण्णा. माझं नाव निघालं नाही, म्हणजे सायकल आपल्याकडेच राहणार, एवढंच माझ्या मनात आलं होतं.