आईंचा चेहरा

बीजिंग, आठवा महिना

प्रिय शूवान वन्संना,

आपल्या रीतीने गुडघ्यावर हात टेकून सा. न. वि. वि. आईंचा फोटो सोबत आहे. तिसऱ्या खेपेला जमला. गेल्या हिवाळ्यापासून आईंची मान हलते, त्यामुळे पहिल्या दोन फोटोंत धडावर नुसता धूर आला. फोटोवाल्याने डोकं टेकवायचा लोखंडी दांडा आणला, पण तो अंबाड्यावरच्या आडव्या पट्टीला अडायचा. पट्टी काढा म्हटल्यावर आई भडकल्या. म्हणाल्या, लेकीला काय बोडकं डोकं पाठवू? उजेड एका बाजूने आला, तर अर्धं तोंड काळं का केलंस म्हणून पुन्हा त्याच्यावर घसरल्या.

शेवटी मी खुर्चीमागे गुडघे टेकून बसले आणि त्यांची मान दोन्ही हातांनी धरली. फोटोत मी दिसत नाही. पोरीला आजी दाखवा.

लोभ आहेच, तो वाढावा.
गुइफन

जिंगझौ छावणी, दहावा महिना

प्रिय वहिनी,

सा. न. वि. वि. हल्ली आई आठवायला गेले की नुसतं नाक आठवायचं. फार भीती वाटायची. आता सगळी आई हातात आहे, एकेका कानातल्या तिन्ही वाळ्यांसकट. पोर म्हणते, आजी तुझ्यासारखीच चिडकी आहे. वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू?

आईच्या कॉलरपाशी एक बोट दिसतं. तुम्ही घरात आलात ते मी सासरी गेल्यावर. इतकी वर्षं तुमची पत्रं वाचते, पण माझ्याकडे तुमचं म्हणून एवढं बोटच आहे. सासूपुढे सुनेने उभं राहायचं, हे मला ठाऊक आहे. पण आपल्यात माहेरवाशिणीचा शब्द सासूही मोडत नाही. तेव्हा हा माझा हुकूम समजा: आईशेजारी खुर्चीत बसून फोटो काढायचा.

माया असू द्या.
शूवान

बीजिंग, पहिला महिना

प्रिय वन्सं,

सा. न. वि. वि. तुमचा हुकूम वाचून आई हसल्या आणि त्यांनी स्वतःच फोटोवाल्याकडे निरोप धाडला. खुर्चीत बसले ती अगदी कडेवर. आईंची मान हलायला लागली तशी मी सवयीने उठले, मागे जाऊन धरावं म्हणून. त्यांनी मला बाही धरून खाली बसवलं. म्हणाल्या, माझं तोंड तिच्याकडे पोचलंय, आता तुझं जाऊ दे.

डावीकडची मी. आई धुरकट आल्या आहेत. माझ्या बाहीवरचा त्यांचा हात मात्र स्वच्छ आला आहे.

तुमचीच,
गुइफन