दूर गेलेल्यांना नमस्कार

५ मे २०१४
पोचले! चिल्काबाम्बाच्या चौकात बसमधून उतरले तेव्हा बँडवाले तालीम करत होते. क्षणभर वाटलं, हे माझ्याच स्वागताला. लगेच आईला फोन केला. दोघे भाऊ न्यूयॉर्कला गेले, त्यांचं तोंड तिने नऊ वर्षांत पाहिलेलं नाही. मी शिकले ती आपल्या देशातच राहण्यासाठी. तिने गवती टोप्या विणून मला शिकवलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. महिन्याच्या पहिल्या रविवारी घरी येईन, असा तिला शब्द दिलाय. ती म्हणाली, शब्द नको देऊस, ये.

खोली डोन्या मिचेंच्या घरी मिळाली. उकडलेला मका आणि चीज पुढे ठेवून त्या म्हणाल्या, एवढं शिकून ग्रंथालयात डीव्हीडीच्या तबकड्या पुसायला आलीस होय गं? माझी भाची न शिकताच पुसते, न्यूजर्सीच्या हॉटेलात, ताटं! मीही हसले. त्यांना मी नंतर समजावून सांगेन. गावाची स्मृती जपणं हे ताटं पुसणं नव्हे.

७ मे
ग्रंथालयाचे डोन आब्दोन फार सज्जन आहेत. सत्तरीचे असतील, खोकतात आणि दर वेळी माफी मागतात. त्यांनी घरोघरून डीव्हीडींची खोकी आणवलीत. दर ऑगस्टच्या जत्रेचं चित्रण, एक प्रत घरी, बाकीच्या परदेशी. चुलीचा धूर, चरबीची बोटं, पोरांचे दात, सगळं त्यांच्यावर उमटलंय.

आधी कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब. मग मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायचं. गोल कधीच नाही. चित्रण गोल रेघांत असतं. आडवा ओरखडा प्रत्येक रेघेचा कणभरच खातो, तेवढं यंत्र सावरून घेतं. गोल ओरखडा अख्खी रेघ गिळतो आणि चित्र अडकतं. खोल असेल तर दात घासायची पेस्ट, नाहीतर पॉलिशचं यंत्र. आज २००२ ची जत्रा सुटली. पाय उचलून अडकलेल्या नर्तकाने तो खाली टेकवला, आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

१२ मे
प्रत्येक जत्रेच्या शेवटी चर्चच्या अंगणात नमस्कार असतात. माइक हातोहात फिरतो, आणि जो तो दूर गेलेल्याचं नाव घेतो: अमक्याला नमस्कार, तू लांब आहेस, आम्हाला विसरू नकोस. आमच्याकडेही असंच असतं. समोर उभ्या असलेल्याला कुणी असा नमस्कार करत नाही. ते अशुभ, जिवंत माणसाच्या नावाने मेणबत्ती लावल्यासारखं.

२००६ च्या एकोणीस प्रती आल्यात. सगळ्या एकाच जागी अडकतात. काळी शाल पांघरलेली एक बाई माइक घेते, तोंड उघडते, आणि तिथेच. कडेजवळ गोल ओरखडा, खिळ्याने ओढलेला. एकोणीसही प्रतींवर.

१३ मे
डोन आब्दोनना विचारलं. म्हणाले, ते वर्ष सोड, पोरी, कॅमेरा भिजला होता. मी म्हटलं, पाणी खिळ्याने ओरखडत नाही. ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, धूळ पुसायला घेतलंय तुला, धूळ पूस.

मला त्यांची कीव आली. स्वतःच्याच आठवणीवर ओरखडे काढणारं गाव कसं जगत असेल? नेमकं हेच बदलायला मी आले आहे.

१६ मे
जमलं! एकोणीस हातांनी ओरखडलं, पण प्रत्येक हात कुठे ना कुठे चुकला होता. कुणाचा थरथरला, कुणी कडेला निसटला. तीन दिवस पॉलिश करून एकीतून अर्धा सेकंद, दुसरीतून दोन, असं वेचून संगणकावर जोडलं. ते मिनिट आता सलग चालतं.

बाईचं नाव बाल्बिना. मागून कुणीतरी तशी हाक मारतं. ती शांतपणे म्हणते, डोन निकानोर, तुम्हाला नमस्कार, तुम्ही फार लांब आहात, आम्हाला विसरू नका. डोन निकानोर तिच्या मागेच उभे! जत्रेचे यजमान, छातीवर पट्टा. आधी हसतात, मग हसत नाहीत. मग बँडमास्तर सेगुंदोला तसाच नमस्कार. मग डोन आब्दोन, तेव्हा केस काळे. मग ती म्हणते, मिचे, माझ्या सखे... आणि एक हात माइक हिसकावून घेतो. तो हात डोन्या मिचेंचाच.

डोन आब्दोनना दाखवलं. वाटलं, त्यांचं मन हलकं होईल. स्वतःचं नाव ऐकून त्यांनी टोपी घातली. बाहेरची खिडकी लावून येतो, म्हणाले.

१९ मे
ते परत आले नाहीत. नगरपालिकेतला कारकून म्हणाला, आब्दोन? तो आठ वर्षांपूर्वीच न्यूयॉर्कला गेला की! मग मला नेमलं कुणी? मी ग्रंथालयाची नोंदवही पुढे धरली. शुक्रवारपर्यंतचं अक्षर त्यांचंच होतं. म्हणाला, असेल कुणाचं तरी. तुम्ही शिकलेल्या बायका फार प्रश्न विचारता बुवा.

२० मे
डोन्या मिचेंना सगळं सांगितलं. दार लावून त्या बोलू लागल्या.

बाल्बिनाचा मुलगा रोमुलो, वय सतरा. निकानोर माणसं चोरून सीमेपलीकडे पोचवायचा. रोमुलो चौथ्या दिवशी वाळवंटात मेला. गावाला ठाऊक होतं. पण प्रत्येक घरचा पोरगा निकानोरनेच पोचवलेला, नाहीतर पोचवायचा होता. बोलणार कोण? म्हणून सहा जत्रा सगळ्यांनी बाल्बिनाच्या हातात माइक दिला: कर गं लेकाला नमस्कार, तो बघतोय तिकडे. आणि ती करायची. नवा झगा घालून यायची.

सातव्या वर्षी तिकडून आलेला एक जण दारूच्या नशेत तिच्यासमोर सगळं बरळला. त्या वर्षी तिने नमस्कार आम्हाला केला, मिचे म्हणाल्या. आम्ही तिला ओढ्यापर्यंत सोडायला गेलो होतो, बाकी काही नाही. हे त्या तीनदा म्हणाल्या. ओढ्यापर्यंतच.

सकाळी ती ओढ्यात सापडली. त्या आठवड्यात निकानोर नाहीसा झाला, मग सेगुंदो. त्यांच्या बायका म्हणू लागल्या, ते परदेशी आहेत, कधीचेच. खोटं नव्हत्या बोलत. त्यांना तसंच आठवत होतं. म्हणून रविवारच्या प्रार्थनेनंतर ज्याने त्याने आपापली तबकडी ओरखडली; परदेशी त्या वर्षी एकही पाठवली नाही. बाई अडकली, यादी थांबली.

जाताना म्हणाल्या, हुशार आहेस हो. एकोणीस घरांनी मिळून जे तोडलं, ते तू एकटीने जोडलंस.

२१ मे
मिचे नाहीत. शेजारीण म्हणते, हे घर किती वर्षं बंद आहे, मिचे न्यूजर्सीला भाचीकडे.

चित्रण संगणकावरून पुसून टाकायला उघडलं. अकरा सेकंद जास्त आहे. माइक आता कुणी हिसकावत नाही. बाल्बिना माझ्याकडे बघते. रागाने नाही — मायेने. म्हणते, आणि जिने माझं बोलणं जोडून दिलं त्या लेकरालाही. सोइला तेनेसाका, तुला नमस्कार. तू फार लांब आहेस —

२२ मे
संगणकावरचं पुसलं. एकोणीस तबकड्या खिळ्याने ओरखडल्या, गोल, एकही जागा न सोडता. तरी चालतात. मीच इतक्या चांगल्या —

बेकरीवालीने माझ्यामागच्या बाईला पाव दिला.

आईला फोन. हॅलो, हॅलो म्हणत राहिली. मी ओरडत होते. मग बाजूला कुणाला तरी म्हणाली, परदेशातली लाइन दिसते, माझी सोइला असेल. कधीची गेलीय पोर. शिकली नसती तर राहिली असती.

१ जून, रविवार
बस थांबत नाही. चालत आले. तीन दिवस.

आई अंगणात विणतेय. समोर उभी आहे मी. हात धरला — तिने गार वारा लागल्यासारखी शाल ओढली.

वही दिसते तिला! मांडीवर ठेवली तर चाळली. अक्षरांवर बोट फिरवतेय. म्हणते, माझी सोइला असंच बारीक लिहायची.

आई वाचू शकत नाही. गावाच्या स्मृतीवर पदवीसाठी दीडशे पानं लिहिली मी. तिला एक अक्षर शिकवलं नाही. सुट्टीत शिकवेन म्हणायचे. दर सुट्टीत —

तिच्या बोटाशेजारीच लिहितेय. शाई उमटताना दिसत नाही का गं तुला?

आई, कुणाकडून तरी वाचून घे. शेजारच्या —

मिटू नकोस. बोट ठेव. इथे. मी इथे —

आई मी इ