शंभर पावलं मागून

१ जानेवारी १९५५, शनिवार

नवं वर्ष, नवी वही. आजपासून विडी बंद. सकाळी पन्नास बैठका. इंग्रजी सुधारायचं. आणि यंदा लग्न. एवढं झालं की पुरे.

वर्ध्याहून बदली होऊन आलापल्लीला आलो त्याला पाच महिने झाले. वनखात्याच्या सागाच्या डेपोत हेडक्लार्क हस्तक. खरं म्हणजे क्लार्क, पण दुसरा क्लार्कच नाही, तेव्हा हेड मीच. दिवसभर लठ्ठ्यांचे, म्हणजे ओंडक्यांचे, नंबर लिहायचे. संध्याकाळी क्वार्टरमध्ये खिचडी, आणि चार दिवसांचा शिळा पेपर मोठ्याने वाचायचा. मोठ्याने अशासाठी, की घरात आवाज राहतो.

बैठका बारा झाल्या. थंडी फार आहे.

३ जानेवारी, सोमवार

दवाखान्यात नवीन नर्सबाई आल्या आहेत. नीलाबाई वासेकर, ब्रह्मपुरीकडच्या. बाळंतपणं करतात, आसपासच्या गावांना पायी जातात. लग्न झालेलं नाही. (चौकशी केली, सहज.)

डोकं दुखतं म्हणून गेलो. घरून निघताना दुखत नव्हतं, तिथे गेल्यावर दुखायला लागलं, म्हणजे खोटं काही बोललो नाही. त्यांनी गोळी दिली आणि म्हणाल्या, "पानी भरपूर पेत जा, बाबूजी. तब्येत सांभाळा."

तब्येत सांभाळा! आई जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर हे कोणी म्हटलेलं नाही. माझ्या आधीच्या पेशंटलाही त्या तेच म्हणाल्या, पण त्या आवाजात नाही.

सहा तांबे पाणी प्यालो.

१० जानेवारी, सोमवार

त्यांचं टाइमटेबल तयार केलं. सकाळी सात वीस, विहीर. आठ दहा, दवाखाना. साडेबारा, घर. सोमवारी आणि गुरुवारी नागेपल्लीला फेरी. केस डाव्या बाजूला वळवतात. एकट्या असल्या की गुणगुणतात.

हे काही वाईट नाही. इतक्या लांब एकटी बाई राहते, कोणीतरी लक्ष ठेवायला नको? दवाखान्यासमोर मोहाचं झाड आहे, तिथून खिडकी स्पष्ट दिसते. विडी ओढल्याशिवाय तिथे बसणं विचित्र दिसतं, म्हणून विडी परत सुरू. तात्पुरती.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

नीलाबाई तिळगूळ घेऊन स्वतः डेपोत आल्या. मला दोन वड्या दिल्या. आमचा चौकीदार मुखरू, त्याला एक. मुकादम पत्रूला तीन दिल्या, पण पत्रूला चार लेकरं आहेत, तो हिशेब वेगळा.

म्हणाल्या, "गोड बोला, बाबूजी."

सगळ्यांनाच म्हणतात हे मलाही कळतं, मी मूर्ख नाही. पण 'बाबूजी' म्हणायच्या आधी त्या जरा थांबल्या. तेवढ्यात बरंच काही आलं.

एक वडी खाल्ली. एक ठेवली आहे. मुंग्यांवर नजर ठेवायला हवी.

२४ जानेवारी, सोमवार

नागेपल्लीपर्यंत सोबत केली. म्हणजे त्या पुढे, मी मागून. शंभर पावलं. सभ्य अंतर.

तिथे एकीचं बाळंतपण होतं. मी गावाबाहेर बांधावर बसलो. साडेचार तास. रजेचा अर्ज दिला नव्हता, पण हे काम ऑफिसपेक्षा मोठं. शेवटी बाळाचा आवाज आला तेव्हा, लिहायला लाज वाटते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दोघांनी मिळून एक काम पार पाडलं असं वाटलं.

परतताना त्या दोनदा वळून बघत होत्या. मी सागाच्या आड. तिसऱ्यांदा वळल्या आणि झपाझप चालायला लागल्या. स्वभाव खेळकर दिसतो.

२९ जानेवारी, शनिवार

नीलाबाईंनी वाट बदलली. आता सडकेने न जाता रोपवाटिकेच्या मागून जातात. त्या वाटेला चिटपाखरू नसतं. म्हणजे त्यांनाही एकांत हवा आहे.

अडचण एकच, सुकरी. दवाखान्यातली आया. इथलीच माडिया आदिवासी बाई, बोलते कमी, आता सगळीकडे नीलाबाईंसोबत असते, खांद्यावर कुऱ्हाड. आज तिने कुऱ्हाड बांबूवर टेकवली आणि मी होतो त्या दिशेने पाच मिनिटं बघत राहिली. सरकारी आयाने ड्यूटीवर कुऱ्हाड बाळगावी का? नियम बघायला हवा.

३ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र लिहिलं. आधी इंग्रजीत. 'रिस्पेक्टेड मॅडम' च्या पुढे जाईना. मग मराठीत. मजकूर असा:

'काल आपण निळं लुगडं नेसला होतात, परवा हिरवं. मंगळवारी आपण जेवला नाहीत. आपल्याला वाटत असेल की आपण इथे एकट्या आहात, पण तसं मुळीच नाही. आपण एक क्षणही एकट्या नसता. एक हितचिंतक.'

चारदा वाचलं. किती धीर येईल वाचून! मला असं पत्र कोणी पाठवलं असतं तर मी जन्मभर जपून ठेवलं असतं.

त्या विहिरीवर गेल्या तेव्हा दाराखालून सरकवलं.

७ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर नाही. खिडकीला आतून पोतं लावलं आहे. थंडीमुळे असणार.

गुणगुणणं बंद झालं आहे. घसा बसला असेल. त्यांना कोण सांगणार, तब्येत सांभाळा म्हणून?

वडीला मुंग्या लागल्याच.

१० फेब्रुवारी, गुरुवार

भयंकर बातमी.

रेंजरसाहेबांनी सगळ्या स्टाफला बोलावलं. कोणीतरी माणूस नर्सबाईंच्या मागावर आहे! रस्त्याने मागून चालतो, झाडाआड लपतो, घाणेरडं पत्रसुद्धा टाकलं म्हणे. साहेबांनी ते वाचून दाखवलं नाही, बायका बसल्या होत्या. नीलाबाई खाली मान घालून उभ्या होत्या. चेहरा निम्मा झाला आहे. इथली नर्स गेली तर दुसरी वर्षभर मिळायची नाही, असं साहेब म्हणाले.

माझं रक्त उसळलं. मी उभा राहून म्हणालो, असल्या नीच इसमाला मी सोडणार नाही, पाळतीच्या कामाला माझं नाव पहिलं लिहा. साहेब खूश झाले. मी, मुखरू आणि पत्रू, तिघांची नेमणूक.

बाहेर आल्यावर मुखरू म्हणाला, "बाबूजी, तुमी नोका पडू याच्यात. घरी बसत जा. पेपर वाचत जा."

मी म्हणालो, मुखरू, तू भितोस काय?

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हो. भेवच लागते."

पन्नाशीचा माणूस, हाडापेराने मजबूत, आणि हा धीर!

१३ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस सलग पाळत. मी मोहाखाली असतो. हरामखोर एकदाही आला नाही. माझा धाक.

१६ फेब्रुवारी, बुधवार

पुरावा सापडला. मोहाखाली विड्यांची थोटकं, निदान तीस-चाळीस. आणि मी ओढतो त्याच छापाची विडी! म्हणजे मी उठून गेलो की हा तिथे येऊन बसतो. कदाचित माझ्यावरही पाळत असेल. आज ऑफिसातून येताना दोनदा मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. माझ्या मागे कोणी नव्हतं.

रेंजरसाहेबांना सविस्तर रिपोर्ट दिला. इसम मध्यम उंचीचा, डावी चप्पल झिजलेली, फावला वेळ भरपूर असलेला. साहेबांनी रिपोर्ट वाचला, मग माझ्या पायांकडे बघितलं, आणि 'ठीक आहे' म्हणाले. कौतुक करायची पद्धत नाही या खात्यात.

२० फेब्रुवारी, रविवार. सकाळी नऊ

धावपळीत लिहितो. झिंगू नावाचा माडिया धावत आला होता. त्याची बायको बुधरी कालपासून अडली आहे. पाडा इथून चार मैल, नाल्यापलीकडे. निरोप देऊन तो तसाच माघारी पळाला, घरी दुसरं कोणी नाही. सुकरी शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला गेलेली. नीलाबाईंनी मला विचारलं, मुखरू कुठे आहे, त्याला सोबत पाठवा.

मुखरू मागच्या यार्डात होता. मी म्हणालो, बघतो. आणि बोलावलं नाही. मी आहे ना!

त्या थोडा वेळ थांबल्या, मग एकट्याच निघाल्या. आज त्या नराधमाला संधी आहे. मी निघतो. शंभर नाही, आज पन्नास पावलं.

२१ फेब्रुवारी, सोमवार

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

नाल्यापर्यंत ठीक होतं. तिथे पाचोळा फार. माझ्या पायाखाली वाजला. त्यांनी मागे बघितलं नाही, एकदम पळायलाच लागल्या. पेटी हातात, नाल्यात गोटे. पडल्या. हाड मोडल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला.

मी बांबूतून बाहेर येऊन ओरडलो, घाबरू नका, मी आहे! तेव्हा त्या जास्त घाबरल्या. त्यांनी डाव्या हाताने दगड उचलला.

मी जवळ गेलो नाही. उभा राहिलो. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग माझ्या चपलांकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"तुमी?" म्हणाल्या. "हस्तकबाबू, तुमी हा?"

मी सांगायला लागलो की मी नाही, तो दुसरा, मी तर राखण करतो. लुगड्याचा रंग मी लिहिला होता तो काळजीने. हे बोलताना माझ्या लक्षात आलं की पत्रात काय होतं ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं. तरी मी बोलत राहिलो.

त्या म्हणाल्या, "दाराले पलंग लावा लागते मले. पंधरा दिवस झाले, झोप नाई. काऊन केलं असं? म्या तुमचं काय बिघडवलं होतं?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं. प्रेमाचं बोलायचं होतं. बाहेर आलं ते असं, की घरी कोणी बोलायला नाही.

त्यांचा उजवा हात मनगटापासून लोंबत होता. त्यांनी पदराने तो गळ्यात बांधला, दातांनी गाठ मारली. मला हात लावू दिला नाही. म्हणाल्या, "तिथी बाई मरून राह्यली. उचला पेटी. आन समोर चाला. माह्या मागं नाई. समोर."

मी समोर चाललो. मागे त्यांची पावलं. दोन मैल. आपल्या मागे कोणी चालत असलं की पाठीला कळतं, मानेला कळतं, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या हातात तो दगड अजून आहे की टाकला, ते बघायला वळावंसं वाटत होतं आणि वळवत नव्हतं. एकदा त्या थांबल्या तर मीही जागच्या जागी थांबलो. त्या तर फक्त दम घेत होत्या.

पाड्यावर दोन म्हाताऱ्या आल्या होत्या. नीलाबाईंनी एका हाताने आणि बाकी सगळं तोंडाने सांगून बाळंतपण केलं. मला झिंगूच्या आवाराबाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने मुलगी रडली. बुधरीही वाचली. झिंगू सगळ्यांच्या पाया पडत सुटला, माझ्याही पडला. मी पेटी आणली होती म्हणून. मी पाय मागे घेतले.

परत येताना पाड्यावरचे चौघे त्यांच्यासोबत होते. मला त्यांच्या पुढे चालावं लागलं.

२३ फेब्रुवारी, बुधवार

रेंजरसाहेबांनी बोलावलं. एटापल्लीला बदली, ताबडतोब. पोलिसात द्यायचा त्यांचा विचार होता. नर्सबाई म्हणाल्या, इथून गेला तर पुरे.

मला वाटलं यातही काही... नाही. काही नाही. त्यांना चांद्याला नेलं आहे, हात बसवायला. तो हात पुन्हा पहिल्यासारखा होईल की नाही, डॉक्टरांना सांगता येत नाही म्हणे.

२७ फेब्रुवारी, रविवार

ट्रंक मुखरूने बांधली. मी विचारलं, तुला माहीत होतं?

"होतं ना."

मग सांगितलं का नाहीस?

तो म्हणाला, "पोराबाळाचं पोट आहे, बाबूजी. तुमी क्लार्क. अन वाटलं, एकटा मानूस आहे, समजावलं त समजन. माही बी चुकी झाली." ट्रंक मोटारीवर चढवून तो निघून गेला. मोटार सुटायला अजून पाऊण तास होता.

२१ मार्च, सोमवार. एटापल्ली

इथे ऑफिस वस्तीपासून मैलभर. पायवाट एकच.

सकाळी ऑफिसला निघालो तर पुढे एक बाई चालली होती, डोक्यावर मोहफुलांची टोपली. मी तिच्या मागे नव्हतो. देवाशपथ नव्हतो, माझी वाटच ती. तिने पावलं ऐकली, मान जराशी वळवली आणि चाल वाढवली.

मी थांबलो. वाटेच्या कडेला दगड होता त्यावर बसलो. तिला दिसेल असा, उघड्यावर. ती वळणापलीकडे गेली तरी बसून राहिलो, आणखी थोडा वेळ.

ऑफिसला पंचवीस मिनिटं उशीर. रजिस्टरात कारण लिहावं लागतं. बरीच सुचली. मग लिहिलं, 'वाटेत थांबलो.'