दोघांच्या खोलीत एकटा राहिल्याचे जादा शुल्क

तीर्थरूप ताईंना, त्यांनीच 'लिफ्टवाले' असं नाव ठेवलेल्या धाकट्या मेहुण्याचे दोन्ही हात जोडून नमस्कार. डोळा आता कसा आहे? औषधाचे थेंब वेळेवर घालता ना? नवा चष्मा अजून आला नाही आणि तोवर वाचन बंद, असं कळलं. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस म्हणून तुमच्याकडे आलेली तुमची बहीण उजव्यासाठी थांबली, त्याला आता तीन महिने झाले. (तिसरा डोळा माणसाला नसतो, एवढ्याच आशेवर मी आहे.) बाकी मी मजेत. शर्टाला बटणं नाहीत, पण मजेत.

पत्रास कारण, मी रिसॉर्टला जाऊन आलो. या चिकट माणसाला हे कुठून सुचलं, असं तुम्ही म्हणाल. अठ्ठावीस वर्षं मी गावोगावच्या लिफ्ट तपासत हिंडलो आणि ऑफिसच्या नियमाप्रमाणे एकाच हॉटेल कंपनीत उतरलो. प्रत्येक रात्रीचे पॉइंट साठत गेले. निवृत्त झालो तेव्हा हातात एक भिंतीवरचं घड्याळ आणि त्या हॉटेलचं सोनेरी कार्ड होतं. मी ते मोठ्या थाटात हिला दाखवलं, की एवढ्या रात्रींच्या बदल्यात आपल्या दोघांना चार दिवस फुकट. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, तेवढ्याच रात्री मी इथे एकटीने काढल्या, त्याचं कार्ड कुठे मिळतं? मी म्हणालो, ते नियमात बसत नाही. (जन्मभर नियमच तपासले हो ताई, तोंडातून दुसरं काही निघत नाही.) दुसऱ्याच दिवशी तुमच्या डोळ्याचं निमित्त तिला सापडलं.

पॉइंट महिनाअखेरीस बाद होणार होते. फोनवर विचारलं तर, तुम्हीच जा, म्हणाली. गेलो. मात्र बुकिंगमध्ये दोघांची नावं तशीच ठेवली, म्हटलं ऐन वेळी आली तर. तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

काउंटरवरच्या मुलीने कार्ड पाहिलं आणि गोड हसून 'घरी पुन्हा स्वागत' म्हणाली. मग सोनेरी सभासद म्हणून न मागता मोठी खोली दिली, ती नवविवाहितांची. पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले. त्यांना उठवायचा धीर होईना, म्हणून चारही दिवस मी कोचावर झोपलो. पाठ अजून दुखते आहे. सरबताचे पेले दोन, सपाता दोन जोड, त्यातला एक लहान मापाचा. केक करायचा वर्ग सभासदांना फुकट, पण तोही जोडप्यांचा, तेव्हा माझी जोडी तिथल्या आचाऱ्याशी लावली. अंडं धड फोडता येत नाही म्हणून तो मला सगळ्यांदेखत बोलला. तुमची बहीणही हेच बोलली असती, पण मी केकसकट आनंदाने ऐकलं असतं. फुकटाच्या जोडीला शुल्कं होतीच. खोलीतल्या तिजोरीचं भाडं (आत माझा चष्मा), तलावाकडे नुसतं बघत बसायच्या खुर्चीचं भाडं, आणि एक नुसतंच रिसॉर्ट शुल्क. ते कशाचं म्हणून विचारलं तर म्हणे, तुम्ही रिसॉर्टमध्ये आहात त्याचं.

तिथल्या लिफ्टचं दार चार सेकंद उशिरा मिटत होतं. सवयीने तक्रार लिहायला वही काढली आणि परत खिशात घातली. तुमची बहीण नेहमी काहीतरी विसरून मागे राहते, तिला धावत येऊन लिफ्ट गाठायला तेवढा वेळ बरोबर लागतो. मग मीही रोज चार सेकंद थांबत होतो.

निघताना बिलात शेवटची ओळ होती, दोघांच्या खोलीत एकटा राहिल्याचे जादा शुल्क. माझं डोकंच फिरलं. मॅनेजरने शांतपणे समजावलं की खोली दोघांची धरलेली असते, एक माणूस आलं नाही की नुकसान होतं, ते कुणीतरी भरायलाच हवं. मी भांडायला तोंड उघडलं आणि पाकीट काढलं. ही नसली की नुकसान होतं, एवढं साधं वाक्य मला अठ्ठावीस वर्षांत तिच्याशी बोलता आलं नाही. पैसे भरले. पावती जपून ठेवली आहे.

डोळ्यांना जपा. धूर, धूळ टाळा.

तुमचा,
लिफ्टवाले

ता. क. लहान मापाच्या सपाता घेऊन आलो आहे. त्याचंही शुल्क पडलं.

आणखी एक. चष्मा येईपर्यंत ताईंना पत्रं कोण वाचून दाखवतं, हे मला ठाऊक आहे. तेव्हा हे तुलाच. इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. अठ्ठावीस वर्षं जिथे तिथे 'घरी पुन्हा स्वागत' ऐकलं. घरी आलो की तू मात्र 'चपला बाहेर' एवढंच म्हणायचीस. हल्ली मी चपला घालून घरभर फिरतो, स्वयंपाकघरातसुद्धा जातो. कुणी काही म्हणत नाही. ये गं.