परीचे लाल गाल

८ फेब्रु.
डायलिसिस आटोपून घरी. नरखेडहून ताई आलीय, तपासण्यांना. मला किडनी तीच देणार. सोबत तिची नात, परी. पोरीला कणकण, नाक गळतंय, तरी माझ्या मांडीवरून उठेना. अर्धा वरणभात टाकून पळाली. तिचं उष्टं मीच संपवलं.

११ फेब्रु.
परीचा ताप उतरला, पण गाल लालबुंद, कुणी थोबाडीत मारल्यासारखे. ताई म्हणते, "नजर लागली वं पोरीले." मीच दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका म्हणून लागला नाही, म्हणजे जबरच लागली होती.
ताईचे रिपोर्ट चांगले. डॉक्टरांनी एकच बजावलं, ऑपरेशनपर्यंत शक्यतो बाहेरचं रक्त नको. त्यानं शरीर बिथरतं, मग ताईची किडनी नाकारू शकतं. दोघी संध्याकाळच्या एसटीनं गेल्या.

२३ फेब्रु.
हिमोग्लोबिन ९.६ वरून ७.१. दोन पायऱ्या चढले की धाप. रक्तवाढीचं इंजेक्शन तर चालू आहे! सगळा राग यांच्यावर काढला. "इंजेक्शन थंड ठेवायचं असतं, गाडीच्या डिक्कीत तापवलं तुम्हीच." हे संध्याकाळी नवा थर्मास आणि बर्फ घेऊन आले. वाईट वाटलं, पण कबूल केलं नाही.

२७ फेब्रु.
६.२. थर्मासमधल्या इंजेक्शनानंही काही नाही. डॉक्टरांनी विचारलं, एवढ्यात घरी लहान मूल आजारी होतं का? गाल लाल झाले होते का?
परीचं सगळं सांगितलं, उष्ट्या वरणभातासकट.
एक विषाणू असतो म्हणे. पोरांना चार दिवसांत सोडतो. आमच्यासारख्यांच्या हाडांत मात्र नवं रक्त बनणंच थांबवतो. तपासणीला रक्त दिलंय. यांना सॉरी म्हटलं.

१ मार्च
तोच विषाणू. ५.४. रक्त चढवावंच लागेल म्हणाले. मी नाहीच म्हटलं. एवढ्या वर्षांनी सुटका दिसतेय, ती हातची घालवू? यांनी ताईला फोन लावून माझ्या कानाला धरला.
"काहून वं हट्ट करून राहिली? जितीच नाही राह्यली तं किडनी ठेवतीन कुठी?"
हसले. मग रडू आवरेना.

३ मार्च
एक पिशवी चढवली. कुणाचं रक्त, देव जाणे. बोटांत ऊब आली, तरी प्रत्येक थेंबाची भीती वाटत होती. आता माझी-ताईची जुळणी पुन्हा तपासणार.

६ मार्च
ताई आली. एसटीतून उतरताना दांडा धरता येईना, कंडक्टरनं हात दिला म्हणे. "वावरात कापूस येचला ना, म्हून आखडली असतीन बोटं," म्हणाली. पण मनगटंही सुजलीत, गुडघेही दुखतात.
डॉक्टरांनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. जुळणीचं आज राहू द्या म्हणाले. आधी तिच्याही रक्तात तोच विषाणू शोधायचा. मोठ्यांचे सांधे असेच धरतो म्हणे, आणि तो अंगात असेपर्यंत तिची किडनी घेता येणार नाही.
"कधीपासून दुखतंय?"
ताई बोटांवर दिवस मोजायला लागली. अंगठा करंगळीपर्यंत पोचेना.