माह्या पोरीचं झाड

उमरखेडजवळून, फेब्रुवारी २०१८

प्रिय माशीवाल्या डॉक्टरीणबाई,

जयभीम. नुसतं दीपमाला लिहिलं असतं तर डॉक्टरकी गेलीच समजून तू पुन्हा रडली असती. काल फोनवर एवढंच समजलं का तुह्या प्रयोगशाळेतली लाईट गेली, खोली तापली अन् भेंडीचे सारे झाडं मेले. जितं झाड नाई तर सायबाईले सिद्ध करून दाखवू काय, सोडून घरी येते म्हणाली, अन् फोनच बंद केला! म्हणून तुह्या दादाच्या, अमरच्या हाती ही चिठ्ठी देऊन राह्यली.

मले तं औंदाच्या पोळ्याच्या आधीचं निंदण आठवते. कपाशीच्या तासात आपली भेंडी होती. पिवळं झाड दिसलं का, पांढरी माशी त्याचा रोग पसरवते म्हणून, उपटून धुऱ्यावर फेकायचं, ही आपल्या बायाईची रीत. संग निंदणाऱ्या लालीबाईनं एका पिवळ्या झाडाले हात घातलाच होता, तू सुट्टीवर आलेली, बोंबलत धावली. पानाखाली पांढऱ्या माशा गच्च, तरी शेजारचे झाडं हिरवेगार. असं काहून, हे विचारायचं तुलेच सुचलं बाई! फांद्या नेल्या, तिकडे कलमं बांधली, अन् शोधून काढलं का या झाडातल्या विषाणूच्या कवचात बारीकसा बदल झाला. माशी रस पिते, पण रोगाले तिच्या गाडीत चढताच येत नाई. लालीबाई म्हणे, साऱ्याच रोगाईले असं उतरवून दे म्हणा पोरीले.

औंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला. गावात कोणाच्या तोंडावर हसू नाई. मी मात्र बाजारात वांगे घेता घेता अनोळखी बाईले बी तुही गोष्ट सांगते. लोक हसतात तं हसोत. अभिमान वाटते मले, कायले लपवू?

अन् आता ऐक. पऱ्हाट्या उपटल्या, सारं वावर साफ केलं, पण ते एक पिवळं भेंडीचं झाड म्या उपटू देल्लं नाई. आल्यागेल्याले दाखवायले पाहिजे ना, का हे माह्या पोरीचं झाड! शेंडा छाटला, काट्याचं कुंपण केलं, रोज घागरभर पाणी टाकलं. आज सकाळी पाहून आली. नवे फुटवे फुटले, तेही पिवळेच, म्हणजे तुहा विषाणू अजून जिता हाय. घरी ये, पण रडायले नको. कलम करायचं पातं घेऊन ये.

तुहीच,
फुशारकी मारणारी आई, पंचफुला